सिस्टर, त्या दिवशी मी बोलले नाही

सिस्टर,

तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. तिसरा तास चालू होता. सातवीच्या वर्गाबाहेर उभी राहून मी उशिरा आलेल्या दोन मुलींना बोलत होते. फोन थरथरला. आधी मेणबत्तीचं चित्र आलं, मग तुमचा एक जुना फोटो, त्याखाली इंग्रजीत चार ओळी. माती दुसऱ्या दिवशी दुपारी, नगरला. पाठोपाठ जोडलेले हात पडायला लागले, एकाखाली एक. मीही एक टाकला. मग त्या मुलींना वर्गात पाठवलं आणि पुढच्या तासाला गेले.

बीडहून नगर तीन-सव्वातीन तास. गाड्यांना तोटा नाही. तिथं, तुमच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी, तुम्हाला नेऊन ठेवल्याला अकरा महिने झाले होते, आणि या अकरा महिन्यांत मला एक रविवार सापडला नाही. मातीलासुद्धा आले नाही. सहामाहीचे पेपर सुरू होतायत, असं मी सगळ्यांना सांगितलं. पेपर त्याच दिवशी सुरू झाले, ते खोटं नव्हतं. पण मी आले नाही त्याचं कारण ते नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता एकट्या मलाच माहीत आहे.

तुमचा जन्म कुठला, नन कधी झालात, किती वर्षं गणित शिकवलंत, हे सगळं प्रिन्सिपल सिस्टरांनी शोकसभेत वाचून दाखवलं. ते मी लिहीत नाही.

मी पाचवीत असताना अण्णा मला चकलांब्याहून घेऊन आले. अण्णा गावच्या पोस्टात डाक वाटायचे. गावात चौथीच्या पुढं माझं काही धड होणार नाही असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि मिशनच्या शाळेत मुलींचं बोर्डिंग आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. फाटकापाशी ते मला सोडून वळले तशी मी भोकाड पसरलं. तुम्ही माझ्यासमोर उकिडव्या बसलात आणि तुमच्या त्या मंगळूरकडच्या आवाजात म्हणालात, "कावून रडते गं?" आमच्या गावातला शब्द त्या पांढऱ्या झग्यातून आला, त्यानं मी रडायची थांबलेच. नंतर कळलं, तो शब्द तुम्ही आदल्याच आठवड्यात एका मुलीकडून शिकला होता आणि सापडेल तिथं वापरत होता.

शाळेत दोन जातीच्या मुली होत्या. मी खरीखुरी जात म्हणत नाही. घरून येणाऱ्या आणि बोर्डिंगच्या. घरून येणाऱ्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कचेरीतल्या साहेबांच्या मुली. त्यांच्या डब्यात पोळी-भाजी, कधी शिरा. आमच्या ताटात भाकरी आणि पातळ वरण. त्या आम्हाला 'बोर्डिंगवाल्या' म्हणायच्या आणि बाकावर जरा सरकून बसायच्या. तुम्ही त्यावर कधी भाषण दिलं नाही. फक्त गणिताच्या तासाला प्रत्येक बाकावर एक घरची आणि एक बोर्डिंगची बसवलीत, आणि दोघींत मिळून एकच वही ठेवायला लावलीत. घरी कुणाकडे न्यायची, यावरून पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. दुसऱ्या आठवड्यात माझी जोडीदारीण, एका वकिलाची मुलगी, संध्याकाळी वही द्यायला म्हणून बोर्डिंगच्या जेवणघरात आली आणि आमच्यात बसून भाकरी खाऊन गेली.

आणि खोडरबर. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही वर्गातले सगळे खोडरबर गोळा करायचात. "चुकलेलं दिसू दे. कुठं चुकलं त्याला गोल कर, आणि खाली नवीन मांड." माझ्या वह्या गोलांनी भरलेल्या असायच्या. मला वाटायचं, मी ढ आहे. सातवीत एकदा तुम्ही माझी जुनी वही काढून नव्या वहीशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "बघ, हे गोल तू आता करत नाहीस." एवढंच. मी आज शिक्षिका आहे ती त्या एका वाक्यावर आहे, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

पण आपलं भांडणही होतं, सिस्टर. आजही आहे.

अण्णांनी माझ्या पेटीत बाबासाहेबांची एक लहानशी तसबीर दिली होती. मी ती कॉटशेजारच्या कोनाड्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती उतरवलीत. बोर्डिंगच्या खोलीत येशूची तसबीर, बाकी कुणाची नाही, गणपती नाही, कुणी नाही, असा नियम होता. तुम्ही तसबीर फेकली नाहीत, झग्याच्या बाहीनं पुसून माझ्या पेटीत ठेवलीत, हे मी मान्य करते. पण उतरवलीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आई-वडील भेटायला यायचे, तेव्हा मी अण्णांना सांगितलं. माझे अण्णा कुणाशी वाद घालणारे नव्हेत. ते तुमच्यापुढं टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, ह्यो आमचा देव न्हाई. देव आसता तर पेटीत ठिवला आसता, कायबी म्हनलं नसतं. ही पोर तुमच्या शाळंत आली ती ह्या मानसामुळं आली."

तुम्ही ऐकून घेतलंत. मान हलवलीत. तसबीर पेटीतच राहिली.

मी शिक्षिका होऊन परत आल्यावर एकदा स्टाफरूममध्ये तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नियम होता. मी म्हणाले, नियम चुकीचा होता. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात की एकीला दिलं असतं तर चाळीस जणींना द्यावं लागलं असतं. मी म्हणाले, मग द्यायचं होतं. तेवढ्यात घंटा झाली. नंतर आपण दोघींनीही तो विषय काढला नाही. मला आजही वाटतं मी बरोबर होते. पण भांडायला समोर माणूस लागतं.

कपिलधारची सहल आठवते का? आठवीत. धबधब्याला त्या वर्षी भरपूर पाणी होतं. तुम्ही झगा घोट्यांच्या वर उचलून पाण्यात पाय सोडून बसला होता. दर्शनाला आलेली एक म्हातारी थेट तुमच्यापाशी आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "कोन्त्या मठाच्या हो माय तुमी?" तुम्ही क्षणभर गोंधळलात, मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बीडच्या." म्हातारीचं समाधान झालं. परत येताना अख्ख्या बसमध्ये तुम्ही हसत होता, मध्येच थांबायचात आणि पुन्हा सुरू. तुमचं तसं हसणं मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

आता ते लिहायला हवं, जे टाळत आले.

गेल्या वर्षी बोर्डिंग बंद करायचं ठरलं. तसं पाहिलं तर कुणी वाईट माणूस त्यात नव्हता. शहर वाढलं, घरून येणाऱ्या मुली वाढल्या, शाळेच्या बस लांबच्या गावांपर्यंत जायला लागल्या. वर्गखोल्या कमी पडत होत्या आणि बोर्डिंगच्या लांबलचक इमारतीत चाळीसेक मुली राहत होत्या. संस्थेनं सांगितलं, तिथं नवे वर्ग होतील, सभागृह होईल. तुम्ही एकट्या विरोधात होता. त्या चाळीसेक जणींतल्या बहुतेकींचे आई-बाप दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला घाटाखाली जातात आणि उन्हाळ्यात परततात. तुम्ही प्रत्येकाला एकच विचारत होता: हे सहा महिने या मुली कुणाजवळ राहतील? वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवायची नाही म्हणून बाप तिचं लग्न लावून देतो, हे बीडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. सगळे मान हलवायचे. शासनाची वसतिगृहं आहेत की, म्हणायचे.

मग पालकांची आणि संस्थेची सभा ठरली. तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतला नाहीत. म्हणालात, "सुजाता, मी बोलले तर म्हणतील म्हातारी हट्टी आहे. तू बोर्डिंगची मुलगी आहेस. तू उभी राहा आणि सांग, बोर्डिंग नसतं तर तू कुठं असतीस. बाकी काही नको." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. रात्री बसून काय बोलायचं ते वहीत लिहूनही काढलं.

सभेच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपल सिस्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं नाही. तेवढं सरळ कुणी बोलत नाही. नव्या विभागाला पर्यवेक्षिका लागेल, त्या जागेसाठी माझंच नाव मनात आहे, असं त्या म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, उद्या सभेला आहात ना?

सभेत तुमच्यानंतर माझी पाळी होती. तुम्ही बोललात ते नीट जमलं नाही. मराठीतून इंग्रजीत गेलात, मागच्या रांगेतले पालक घड्याळ बघायला लागले. मग तुम्ही खाली बसलात आणि माझ्याकडे पाहिलंत. "आणखी कुणाला काही बोलायचंय का," असं विचारलं गेलं. माझ्या मांडीवर हजेरीपट होता. मी त्यात बघत राहिले. किती वेळ, ते मला माहीत नाही. मग कुणीतरी आभार मानले आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

तुम्ही त्या दिवशी मला काही विचारलं नाहीत. शाळा सुटताना फक्त म्हणालात, "उन्हात जाऊ नको, थांब जरा." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मेमध्ये मुली गेल्या. जूनमध्ये इमारतीच्या भिंती पाडल्या. मी पर्यवेक्षिका झाले.

आरती तुमची लाडकी होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. आठवीतली पोर, दोन वेण्या, सतत नखं खाणारी. फळ्यावर गणित पूर्ण लिहून व्हायच्या आत ती उत्तर पुटपुटायची आणि तुम्ही खोटंखोटं रागवायचात. बोर्डिंग गेल्यावर तिला दाखला काढून गावाकडं नेलं. दिवाळीच्या तोंडावर तुम्हाला कुठूनतरी कळलं की तिचं जमवतायत. तुम्ही मला म्हणालात, माझ्याबरोबर येतेस का. या वेळी मी आले.

एसटी, मग सहा आसनी रिक्षा, मग चालत. तुम्ही दर शंभर पावलांवर थांबत होता. वस्तीवर पोचलो तर अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं. आरतीच्या घरापुढं तिची आजी शेंगा फोडत बसली होती. तिनं आपल्याला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं की लग्न होऊन आठ दिवस झाले. पोरगी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या पोराला मुकादम घेत नाही, म्हणून पोराकडच्यांनाही घाई होती.

आजी शेंगा फोडत राहिली. थोड्या वेळानं, खाली मान घालूनच ती म्हणाली, "तुमी ठिवून घेतली आसती तर दिली नसती, सिस्टर. शप्पत सांगते. तिच्या बापाच्या लई मनात होतं शिकवायचं."

त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. तिनं निघताना तुमच्या पिशवीत ओंजळभर शेंगा घातल्या.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. बीडचा स्टँड यायच्या थोडं आधी, बाहेर बघतच विचारलंत, "त्या दिवशी तू का बोलली नाहीस?"

माझ्याजवळ खरं उत्तर होतं. ते तोंडाशी आलंही. मी म्हणाले, "बोलून काय झालं असतं, सिस्टर?"

तुम्ही म्हणालात, "ते आता कधी कळणार नाही."

हे आपलं शेवटचं धड बोलणं. पुढं महिनाभर आपण एकमेकींना नमस्कार केला, वेळापत्रकाबद्दल बोललो. तुमची बदली नगरला झाली. बदली कसली, तुम्ही पंचाहत्तरीच्या होता. तुम्हाला न्यायला गाडी आली तेव्हा मी सभागृहात स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम घेत होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मुलींना म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. ते सभागृह म्हणजे आमच्या कॉटा होत्या ती जागा, हे मला कळत नव्हतं असं नाही.

नगरहून तुमचा एकदा फोन आला. मी वर्गात होते. नंतर करू म्हणाले. नंतर काय बोलायचं ते सुचेना म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकलं. असं करत करत तो फोन इतका जुना झाला की परत करायला लाज वाटायला लागली.

काल रविवार होता. तुम्हाला जाऊन पाचवा दिवस. मी आले, सिस्टर. आता यायला काही जड गेलं नाही.

तुमची खोली दुसऱ्या सिस्टरांना दिली होती. घरामागच्या दफनभूमीत तांबड्या मातीचा एक ताजा उंचवटा, लाकडी क्रूस, त्यावर तुमचं नाव, वाळत चाललेल्या झेंडूच्या माळा. मी उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मला तुमची प्रार्थना येत नाही. सहा वर्षं मी ती रोज ऐकली, ओठ मिटून. तुम्ही मला कधी ती म्हणायला लावली नाहीत. त्रिसरण म्हणावं असं मनात आलं, पण तुमच्या नियमात ते बसेल का, असा मूर्ख विचार आला आणि तेही राहिलं.

तुमची शुश्रूषा करणाऱ्या एक तरुण सिस्टर माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हणाले, विद्यार्थिनी. मग त्या आपणहून सांगायला लागल्या. शेवटचे चार-पाच महिने तुमचं भान गेलं होतं. जेवलात की नाही ते आठवायचं नाही. माणसं ओळखू यायची नाहीत. पण संध्याकाळी सहा वाजले की कॉटवर उठून बसायचात आणि नावं घ्यायला लागायचात. आधी त्यांना वाटलं, प्रार्थना आहे. मग लक्षात आलं, हजेरी आहे.

संध्याकाळच्या अभ्यासाआधीची आमची हजेरी. तुम्ही आम्हाला आडनावानं कधी हाक मारली नाहीत. आडनावावरून कोण कोणती ते कळतं, म्हणून तुम्ही गाव लावायचात. शोभा शिरूर. मीरा पाडळी. माझ्या वर्गात मी एकटी सुजाता होते, तरी मलाही गाव होतं.

"आम्ही आळीपाळीनं 'हजर' म्हणायचो," त्या सिस्टर म्हणाल्या. "त्यांना चालायचं. एकाच नावाला चालायचं नाही. सुजाता चकलांबा. आम्ही 'हजर' म्हटलं की म्हणायच्या, हा तिचा आवाज नाही. आणि थांबून राहायच्या. मग आम्ही सांगायचो, ती घरी गेलीय, सोमवारी येईल. तेव्हा कुठं पुढचं नाव घ्यायच्या."

वारा नव्हता. पलीकडं कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं.

"कोण होती हो ती?" त्यांनी विचारलं. "लहान असेल ना?"

"हो," मी म्हणाले. "पाचवीत होती."

निघताना त्यांनी भेटीला येणाऱ्यांची वही पुढं केली. सगळ्यांनी नाव-गाव लिहिलं होतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: सौ. एस. कांबळे, पर्यवेक्षिका, बीड.